जबाबदार व्यक्तींची नावे

गावात कुणालाही काही लिहून हवं असलं की लोक माझ्याकडे यायचे. तहसीलदाराला अर्ज, लग्नपत्रिकेचा मजकूर, बाराव्याचं कळवणं, सगळं माझ्याच हातून जायचं. मी गोखिवऱ्याच्या एका अनुदानित शाळेत मराठी शिकवायचे आणि माझं अक्षर चांगलं होतं. त्या अक्षराचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू? दुकानाच्या पाटीवर वेलांटी चुकलेली दिसली तरी माझं डोकं फिरायचं. त्यामुळे रास्ता रोकोच्या परवानगीचा अर्ज लिहायची वेळ आली तेव्हा तो कागदही फिरून माझ्याकडेच आला.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं होती. आमचं गाव खाडीच्या अंगाचं, होळी नावाच्या बाजारपेठेत भाजी नि केळी विकणारं. पावसाळ्यात भात, उरलेलं वर्ष विहिरीच्या पाण्यावर भाजीची वाडी. रेल्वेच्या पलीकडे, पूर्वेला, इमारती उठत होत्या आणि त्यांच्या नळांना पाणी नव्हतं. मग आमच्या भागातल्या विहिरींवर टँकर यायला लागले. आधी दोन-चार, पुढे रांगच. गावातल्याच काही जणांनी आपल्या विहिरी टँकरवाल्यांना दिल्या होत्या, तेव्हा सगळा दोष बाहेरच्यांवर ढकलण्यात अर्थ नाही. खाडीकाठच्या विहिरीतून मापात पाणी काढलं तर ती गोडं पाणी देते. तिला ओरबाडलं की खालून खाडी आत शिरते. दोन उन्हाळ्यांत आमच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं आणि मिरचीची पानं कडेने करपायला लागली. आप्पा, म्हणजे माझे वडील, रोज सकाळी ओंजळभर पाणी तोंडात घ्यायचे, थुंकायचे आणि वाडीत जायचे.

शिक्षकांच्या खोलीत माझ्या शेजारी बसणारी बाई पूर्वेच्या तुळिंजला, त्या नव्या इमारतींतच राहायची. "काल टँकर आला नाही, मुलांना आंघोळीशिवाय पाठवलं," असं ती सांगायची आणि मी डब्यात डोकं घालायचे. ती माणूस म्हणून चांगली होती. तिनेही कर्ज काढून घर घेतलं होतं आणि तिलाही पाणी लागतच होतं. माझा राग नक्की कुणावर आहे हे मला तेव्हा ठरवता आलं नाही आणि नंतर ठरवायची गरज उरली नाही.

गावच्या सभेत ठरलं की नाक्यावर दोन तास रस्ता अडवायचा आणि टँकर जाऊ द्यायचे नाहीत. धावपळ करणारे तिघे होते, तिशी-पस्तिशीतले, नोकरी सांभाळून गावकी करणारे. ते पोलीस ठाण्यात जाऊन आले. तिथले साहेब त्यांच्याशी चांगले बोलले. दहा ते बारा बसा म्हणाले, घोषणा द्या, हंडे वाजवा, अ‍ॅम्ब्युलन्सला वाट द्या. बाराच्या ठोक्याला मी सांगेन, तेव्हा उठायचं. मग आमच्या गाडीत बसा, ठाण्याच्या आवारात चहा घ्या, नावं लिहून द्या, संध्याकाळच्या आत घरी. एखाद्या कार्यासाठी हॉल ठरवावा तसं सगळं ठरलं. मागे एस.टी.च्या फेरीसाठी गाव असंच बसलं होतं आणि चहा पिऊन परत आलं होतं. आंदोलन म्हणजे हेच, पोलीस म्हणजे हेच, अशी गावाची समजूत होती. साहेबांनी फक्त एक सांगितलं होतं: परवानगीचा अर्ज आणा आणि खाली जबाबदार व्यक्तींची नावं नि सह्या द्या. निदान पाच तरी.

तिघांनी चिठोऱ्यावर आपली तीन नावं लिहून दिली होती आणि खाली दोन जागा मोकळ्या ठेवल्या होत्या. मी ती यादी बघितली आणि मला ती बरी दिसेना. आमच्याकडे पत्रिकेत नावं वयाच्या मानाने लागतात. आधी थोरले, मग त्यांच्या खालचे. एखादं नाव खालीवर झालं तर माणूस मांडवात पाहुण्यासारखा येऊन बसतो आणि वर्षभर बोलत नाही. गावाचा अर्ज सरकारदरबारी जाणार आणि त्यावर कालची पोरं वर, म्हातारे खाली? मी नवा कागद घेतला. पाच वडीलधाऱ्यांची नावं वयानुसार लिहिली आणि त्यांच्याखाली त्या तिघांची. सगळ्यात मोठे आप्पा. म्हणून पहिलं नाव त्यांचं. तिघांनाही ते पटलं. उलट, बाई, बरं झालं तुम्ही लक्ष घातलंत, असं म्हणाले.

आप्पांनी चष्मा शोधून आणला. "कुठं करू?"

"इथे, सगळ्यात वर."

त्यांनी सावकाश सही केली आणि कागद जरा लांब धरून बघितला. त्यांना आनंद झाला होता, ते मला दिसलं.

सभेत एकाने सुचवलं होतं की बायका हंडे घेऊन येणार आहेत, तर बाईंचं, म्हणजे माझंही नाव घाला. मी म्हणाले, शाळेत चालत नाही. मुख्याध्यापक मला एका अक्षराने बोलले नव्हते. नियमात काय बसतं आणि काय नाही, ते मी कुणाला विचारलंही नव्हतं. पण ते वाक्य तोंडातून इतकं सहज गेलं की सगळ्यांनी माना डोलावल्या.

त्या दिवशी मी अर्धी रजा टाकून नाक्यावर गेले. बसले मात्र नाही. पिठाच्या गिरणीच्या पायरीवर उभी राहिले, म्हणजे कुणी विचारलं तर दळण न्यायला आले होते असं सांगता आलं असतं. पिशवीही घेतली होती बरोबर. पुढे म्हाताऱ्यांसाठी मंडपवाल्याच्या खुर्च्या मांडल्या होत्या. त्यांच्यामागे सतरंजीवर पुरुष आणि रस्त्याच्या कडेला बायका, रिकामे हंडे-कळश्या घेऊन. साहेब आप्पांशी हसून बोलले. एका हवालदाराने आमच्या काकूकडून पान घेतलं.

अकरा वाजता आमच्या वाडीच्या लाइनला वीज यायची आणि दीड-दोन तासांत जायची. आप्पा खुर्चीवरून उठले, माझ्यासमोरून गेले आणि थांबून म्हणाले, "पंप लावून येतो. पानी नाय मिळालं तर वांगी जातील." गिरणीतल्या घड्याळात अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. ते घराच्या वाटेला वळले आणि दिसेनासे झाले. मी हे इतक्या तपशिलाने सांगते आहे, कारण पुढची सात वर्षं सगळं या पाच मिनिटांवर अडून होतं.

साडेअकराच्या सुमाराला एक भरलेला टँकर नाक्यावर आला. मागे गाड्या तुंबलेल्या, त्याला मागे घेता येईना. साहेब ड्रायव्हरवर ओरडत होते. तेवढ्यात कुणीतरी टँकरच्या मागचा कॉक फिरवला. कोण, ते आजतागायत कळलं नाही. गावात चार नावं घेतात आणि चारही खोटी असतील. पाणी धोधो रस्त्यावर पडायला लागलं.

हे पाणी अडवायलाच आमच्या बायका आल्या होत्या. पण गोडं पाणी गटारात जाताना त्यांना बघवेना. कुणी काही सांगितलं नाही, कुणी ठरवलं नाही. तीस-चाळीस बायका एकदम उठल्या आणि हंडे घेऊन टँकरकडे धावल्या, भरून घ्यायला. टँकरपाशी दहा-बारा पोलीस होते. त्यांना दिसलं ते असं की घोषणा देणारा जमाव हातात पितळी भांडी घेऊन अंगावर येतो आहे. शिट्ट्या वाजल्या आणि लाठ्या सुरू झाल्या.

दोन हंडे भरायला लागतो तेवढाच वेळ ते चाललं असेल. काकूने भरलेला हंडा कमरेवर घेतला होता. तिच्या मनगटावर लाठी बसली, हाड मोडलं, ते नंतर एक्स-रेच्या फोटोत दिसलं, पण तिने हंडा सोडला नाही. तो तसाच घेऊन ती घरापर्यंत चालत गेली. एका शिपायाच्या कपाळावर कुणाची तरी कळशी लागली आणि त्याला टाके पडले. रस्त्यावर चपला, पाणी आणि मंडपवाल्याच्या खुर्च्या. मी पायरीवरून खाली उतरले नाही. दात काढताना इंजेक्शन दिल्यावर हिरडी जशी होते, तशी मी झाले होते. सगळं कळत होतं आणि काही होत नव्हतं. थोड्या वेळाने मी रिकामी पिशवी घेऊन घरी आले.

त्या दिवशी कुणालाच गाडीत बसवलं नाही. चहाही नाही. गावाला हे फार विचित्र वाटलं. संध्याकाळी तिघांपैकी एक जण येऊन सांगून गेला की साहेब भेटत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला जीप आमच्या दाराशी आली. हवालदाराच्या हातात माझ्या अर्जाची झेरॉक्स होती. त्याने आप्पांचं नाव वाचलं आणि चला म्हणाला.

"मी तिथं नव्हतो," आप्पा म्हणाले. "पंप लावायला घरी आलतो."

"तुमचं नाव एक नंबरला आहे. एक नंबर म्हणजे मुख्य."

"मी वयानं मोठा, म्हनून वर घातलंय."

"ते साहेबांना सांगा. मला कागद आहे तसा वाचायचा."

त्याला घाई नव्हती आणि तो उद्धटही नव्हता. आईकडे त्याने पाणी मागितलं. घोटभर पिऊन त्याने तांब्याकडे बघितलं. "खारट लागतंय."

"म्हनून तर बसलो होतो," आप्पा म्हणाले.

हवालदाराने तांब्या खाली ठेवला. आप्पा धुतलेला सदरा घालायला आत गेले, तेवढ्यात तो कागदाकडे बघत म्हणाला, "अक्षर झकास आहे. कुणाचं?" मी दारात उभी होते. आप्पा आतूनच म्हणाले, "गावातल्या कुनाचं तरी असंल." मग ते बाहेर आले, चपला घातल्या आणि जीपमध्ये जाऊन बसले.

यादीतले पहिले पाच आरोपी झाले. निदान पाच नावं मागितली होती, तेवढी घेतली. खालच्या तिघांना साक्षीला बोलावलं, आणि त्यांनी काही बघितलं नाही असं सांगितलं. बेकायदा जमाव, रस्ता अडवणं, टँकरचं नुकसान आणि सगळ्यात मोठं म्हणजे सरकारी कामात अडथळा. आरोपी नंबर एक याने जमावाला चिथावणी दिली, असं त्यात लिहिलं होतं. ज्या घटकेला ते चिथावणी देत होते, त्या घटकेला ते वांग्याच्या सरीत पाणी वळवत होते. दुसऱ्या दिवशी पाचही जण जामिनावर सुटून आले आणि तारखा सुरू झाल्या.

तारखांबद्दल काय सांगू? फिर्यादी शिपायाची बदली झाली. मॅजिस्ट्रेट बदलले. एकदा कागद सापडेनात, एकदा सापडले पण सरकारी वकील नव्हते. आप्पा प्रत्येक तारखेला दाढी करून, धुतलेला सदरा घालून जायचे, दिवसभर बाकावर बसायचे आणि पुढची तारीख घेऊन यायचे. आई विचारायची, काय झालं? ते म्हणायचे, काय नाय. दोन वर्षांनी पाचातले एक वारले. मग वकिलांनी सुचवलं की छोटी कलमं कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा. उरलेल्यांतले तिघे कबूल होऊन मोकळे झाले. आप्पा तयार होईनात. "नव्हतो ते नव्हतो," एवढंच म्हणायचे. हे सोडून त्यांनी आयुष्यात कधी कुठल्या गोष्टीचा हट्ट धरलेला मला आठवत नाही.

वकिलांचं म्हणणं साधं होतं. आप्पा अकराला निघून गेले, हे कुणीतरी कोर्टात शपथेवर सांगायला हवं. गिरणीवाल्याने कानांवर हात ठेवले, त्याची स्वतःची विहीर टँकरला दिलेली. "बाई, तुम्ही होतात ना तिथे?" वकिलांनी मला विचारलं. मी होते. घड्याळही मीच बघितलं होतं. पण मग मी तिथे काय करत होते, हे सरकारी वकील विचारणार. अर्ज कुणाच्या हातचा, तेही विचारणार. आणि मग शाळेला कागद जाणार. "बघू या, पुढच्या तारखेला," मी म्हणाले.

पुढच्या तारखेला असं मी किती वेळा म्हणाले असेन! आप्पांनी मला एकदाही विचारलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटायचं, आणि विचारत नाहीत म्हणून मनातून मी त्यांच्यावर चिडायचे. घरात तो विषय निघाला की मी वह्या तपासायला बसायचे. यादी मी लिहिली, वयाचा मान ठेवायची हौस माझी, स्वतःचं नाव वगळणारीही मीच. हे सगळं मला माहीत होतं. पण माहीत असूनही काहीच टोचत नव्हतं. हिरडीचं इंजेक्शन उतरलंच नव्हतं म्हणा.

दरम्यान पूर्वेला नळाचं पाणी आलं आणि टँकर कमी झाले. तुळिंजची बाई पेढे घेऊन आली होती. आमची विहीर मचूळ झाली ती झालीच. आप्पांनी वांगी-मिरची सोडली आणि खाऱ्या पाण्याला दाद न देणारे नारळ तेवढे ठेवले.

सातव्या वर्षी एका तारखेनंतर वकिलांनी मला फोन केला. त्या दिवशी आप्पा पिंजऱ्यात बराच वेळ उभे होते. त्यांना लघवीला जायचं होतं. त्यांनी शिपायाला विचारलं, तर तो म्हणाला, आरोपीने थांबायचं. ते थांबले. वय शहात्तर. पुढचं वकिलांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्या संध्याकाळी आईने दोरीवर आप्पांचं धोतर वाळत घातलेलं मी बघितलं.

मी वकिलांना कळवलं की पुढच्या तारखेला साक्ष देते. ते म्हणाले, "मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी तुमचं नाव चाललंय असं ऐकतो. विचार केलाय ना?" मी केला होता. रजेच्या अर्जावर 'घरगुती काम' असं लिहिलं आणि पूर्ण दिवसाची रजा घेतली. आप्पांना सांगितलं नाही. ते सकाळच्या बसने गेले, मी पुढच्या बसने गेले.

मी कोर्टात शिरले तेव्हा ते बाकावर बसले होते. मला बघून त्यांनी वकिलांना खुणेने बोलावलं आणि काहीतरी विचारलं. वकिलांनी वाकून उत्तर दिलं. आप्पांनी मान हलवली. मी मागच्या बाकावर बसले आणि काय बोलायचं ते मनात घोकत राहिले: अकरा वाजून पाच मिनिटं, गिरणीतलं घड्याळ, पंप.

पुकारा झाला. आप्पा उठून पिंजऱ्यात गेले. वकील बोलायला उभे राहणार इतक्यात ते म्हणाले, "साहेब, मला कबूल आहे."

वकिलांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. मॅजिस्ट्रेट बाई होत्या, तरुण होत्या. त्यांनी विचारलं, "आजोबा, काय कबूल करताय ते कळतंय ना? कुणी दबाव आणलाय?"

"नाय. मी होतो तिथं. रस्ता अडवला."

तेव्हा मी उठून उभी राहू शकले असते. साक्षीदार म्हणूनच तर आले होते. तोंड उघडून 'नव्हते' एवढा एक शब्द म्हणायचा होता. मी उठले नाही. आणि मला काय वाटलं तेही सांगून टाकते. मला हायसं वाटलं. सात वर्षांत पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं, ते हे.

मोठं कलम टिकलं नाही. छोट्या कलमांना थोडा दंड आणि कोर्ट उठेपर्यंतची कैद. म्हणजे दिवसाचं कामकाज संपेपर्यंत त्यांनी तिथेच बसून राहायचं, हीच शिक्षा. शिपायाने त्यांना भिंतीकडच्या बाकावर नेऊन बसवलं. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. बराच वेळ आम्ही समोर चाललेला दुसऱ्या कुणाचा तरी भाडेकरूबद्दलचा खटला ऐकत होतो.

मग त्यांनी हळूच विचारलं, "रजा अर्धी घेतलीस का पुरी?"

"पूर्ण."

"कोर्ट साडेपाचला उठतं म्हनतात. तू कशाला बसतेस, बाय? आता निघालीस तर दुपारची शाळा गाठशील. अर्धी रजा वाचेल."

"तुम्ही एकटे बसणार?"

"शिक्षा मला आहे," ते म्हणाले. रागाने नाही. नियम सांगावा तसं.

मी घड्याळ बघितलं. सव्वाबारा झाले होते. मी उठले, त्यांची पाण्याची बाटली त्यांच्या हाताशी सरकवून ठेवली आणि निघाले. शाळेत पोचल्यावर रजेचा अर्ज बदलून अर्ध्या दिवसाचा केला आणि सहावीच्या वर्गावर गेले.